चोर धरणारा काटा

चंद्रपूरच्या गोल बाजारामागच्या बोळात साबिराचं आठ बाय दहाचं दुकान होतं, आणि त्या दुकानापुढून जाताना भल्याभल्या व्यापाऱ्यांची मान खाली जायची. कारण साधं होतं. साबिरा वजनकाटे दुरुस्त करायची. कुणाचा काटा किती ग्रॅमनं खोटा आहे, तो म्हातारपणानं खोटा झालाय की मालकाच्या करामतीनं, हे तिला एका नजरेत कळायचं. आता इतकी माहिती पोटात ठेवणारी बाई गल्लीत बसलेली असली, तर सगळा बाजार तिला अदबीनं 'सलाम साबिराबाई' म्हणणारच!

धंदा मूळचा तिच्या अब्बांचा. जलालुद्दीन मिस्त्री म्हणजे चामोर्शीपासून मूल-सावलीपर्यंत प्रत्येक आठवडी बाजारात ज्यांची अवजारांची पेटी उघडायची ते. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा साबिरा नवरा सोडून माहेरी आलेली होती. तिनं एके सकाळी पेटीतली कानस उचलली ती उचललीच. नातलगांनी नाकं मुरडली. तिनं मुरडू दिली. पुढं तराजूच्या पितळी दांड्या जाऊन लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि निम्मे मिस्त्री हात चोळत बसले. ही मात्र नागपूरला दोन महिने राहून ते काटेही शिकून आली. परवाना स्वतःच्या नावावर काढला आणि तो चौकटीत घालून भिंतीवर टांगला. गिऱ्हाईक आलं की आधी त्या चौकटीवरची धूळ पुसायची, मग "बोला." एवढा तोरा तिला शोभून दिसायचा, हे मी कबूल करतो.

२००५ साली चंद्रपुरात एक नवल घडलं. राजेश्वर कोत्तावार या किराणा व्यापाऱ्यानं 'घरसंसार बाजार' उघडला. दुकानात शिरा, टोपली घ्या, हवं ते आपल्या हातानं उचला! गल्ल्यापलीकडं उभं राहून "दोन किलो साखर द्या जी" म्हणत घसा कोरडा करायचं कामच नाही. अख्खं गाव लोटलं. लोक साबण हुंगून बघत, डाळ हलवून बघत, आणि काही जण कुणी बघत नाही ना हेही बघत. महिन्याभरात माल गळायला लागला. पावडरचे डबे, तेलाच्या बाटल्या, काजू. कोत्तावारसेठची झोप उडाली.

सप्टेंबरात सेठनं साबिराला बोलावलं. ती पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मागच्या दारात चौकीदार एका बाईचा डबा उघडून बघत होता. पन्नाशीची बाई, सावली गावाकडची, सुकरी नाव. मागच्या गोदामात बसून पोत्यातला तांदूळ पाच-पाच किलोच्या पुड्यांत भरायचं तिचं काम. चौकीदारानं डबा बघितला, पिशवी उलटी केली, मग पदर झटकायला लावला. सुकरीनं मान खाली घालून पदर झटकला. साबिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय चालू आहे सेठजी?"

"शंभर पोते फोडले साबिराबाई. पन्नास किलोचं पोतं. हजार पुडे व्हायले पाह्यजे का नाई? झाले नऊशे अठ्ठ्याऐंशी. बारा पुडे कुठी गेले? गोदामात एकटी तेच बसते."

"मी एक दाना नाई नेलं जी," सुकरी म्हणाली. "पोराची आन."

"मंग उंदीर पुडे बांधून घेऊन गेले का?" सेठ म्हणाला. "दसऱ्यापर्यंत पाह्यतो. चोर नाई सापडला तं तुले सुट्टी. अन् काऊन सुट्टी देल्ली ते साऱ्या सावलीले सांगीन."

सुकरीच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. काम गेलं तरी एक वेळ भागलं असतं. चोरटी म्हणून नाव गावात पोचलं असतं, तर ज्या घरात तिची लेक नांदत होती तिथंही ते पोचलं असतं. हे सगळं ती बोलली नाही, पण साबिरानं ते वाचलं, कारण घर सोडून आलेल्या बाईला लोक काय-काय म्हणतात याचं शिक्षण तिचं पूर्ण झालेलं होतं.

सेठनं बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. त्याचा पुतण्या विलायतेत होता, त्यानं एक फोटो पाठवला होता. तिकडं म्हणे दुकानात गल्ल्यावर माणूसच नसतो! गिऱ्हाईक आपला माल आपणच यंत्राला दाखवतं, आपणच पिशवीत भरतं, आणि तरी चोरी केली की यंत्र ओरडतं. साबिरानं तो फोटो उजेडाला धरला, एकदा बघितला, दोनदा बघितला, आणि तिसऱ्यांदा बघताना तिचे डोळे असे चमकले की सेठ दचकून मागं सरकला.

"अरे, हा तं काटा आहे!" ती ओरडली. "पिशवी ठेवाची जागा दिसते नं, तिच्याखाली काटा आहे, सेठजी! दुसरं काईच नाई!"

आणि तिनं तिथल्या तिथं सगळं उलगडून सांगितलं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूचं वजन कॉम्प्युटरला आधीच पाठ करून ठेवायचं. गिऱ्हाइकानं साबणावरच्या काळ्या रेघा यंत्राला दाखवल्या की कॉम्प्युटर म्हणणार, आता काट्यावर शंभर ग्रॅम वाढले पाहिजेत. वाढले, चार-पाच ग्रॅम इकडंतिकडं झाले, तरी ठीक. न दाखवता काही ठेवलं तर वजन उगाच वाढतं. हळदीच्या पुडीवरची रेघांची चिठ्ठी काजूला चिकटवली तरी वजन बोलतं. माणूस खोटं बोलेल, चिठ्ठी खोटं बोलेल, काटा कशाला बोलेल?

"बनवता येईन?"

"मी बनवते. पण एक शर्त. माह्या काट्यानं चोर धरला तं सुकरीबाईची झडती बंद. अन् तिचं नाव साफ. साऱ्यांसमोर."

सेठनं मान डोलावली. दसऱ्याला वीस दिवस होते.

ते वीस दिवस साबिराच्या अंगात वारं शिरलं होतं! बंद पडलेल्या एका धानगिरणीच्या काट्यातून तिनं लोडसेल काढला. लोडसेल म्हणजे वर पडलेला दाब विजेच्या भाषेत सांगणारा लोखंडी ठोकळा. त्यावर पत्र्याचं ताट बसवलं. धाकटा भाऊ ताबिश कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. त्याला तिनं क्लास संपले की धरून आणायचं आणि कॉम्प्युटरला काट्याशी बोलायला शिकवायला लावायचं. पहिल्या दिवशी त्या दोघांचं काही केल्या जमेना. काटा बोलायचा किलोत, कॉम्प्युटर ऐकायचा भलत्यातच. अकराव्या दिवशी पडद्यावर बरोबर आकडा उमटला तेव्हा दोघं बहीणभाऊ लहान पोरांसारखे नाचले. अब्बा खाटेवरून ओरडले, "काटा नाचला, का तुमी?" रोज भारनियमनानं वीज जायची म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. काळ्या रेघा वाचून 'टीक' असा आवाज करणारं यंत्र सेठनं विकत आणलं. ओरडण्यासाठी टेम्पो मागं घेताना वाजतो तो भोंगा आणला. हिरवा आणि लाल असे दोन दिवे लावले.

मग तिला आणखी एक सुचलं. ताटाच्या वर, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, तिनं न्हाव्याच्या दुकानातला असतो तसला मोठा आरसा टांगला.

"हे कायले?" सेठनं विचारलं.

"चोरी करताना आपलंच तोंड दिसलं पाह्यजे. निम्मे तं आरसा पाहूनच सुधरतीन. भोंगा राह्यलेल्या निम्म्यांसाठी."

शेवटचं काम वजनं भरायचं. अकराशे चाळीस वस्तू! साबिरा एकेक वस्तू काट्यावर ठेवायची, आकडा सांगायची आणि ताबिश तो लिहायचा. काडेपेटीपासून पत्र्याच्या बादलीपर्यंत. तांदळाच्या पुड्यांची पाळी आली तेव्हा ताबिश उठायला लागला, तशी ती म्हणाली, "बस तू. लिव, पाच किलो. गोदामातला काटा मीच तपासला आहे, मीच शिक्का मारून आणला आहे. माह्या काट्यावर तोललेलं पुन्हा काय तोलायचं?" ताबिशनं लिहिलं, पाच किलो.

दसऱ्याचा दिवस उजाडला. त्या साली रमजान आणि दसरा एकत्रच आले होते, तेव्हा साबिराचा रोजा होता; पण भूक-तहान तिच्या गावीही नव्हती. सेठनं काट्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. गर्दी तर विचारूच नका! आपल्या हातानं 'टीक' करायला मिळतं, हे ऐकून अर्धं गाव नुसतं टीक करायला आलं होतं. एका आजीनं एकच मेणबत्ती विकत घेतली आणि टीक ऐकून ती इतकी खूश झाली की आणखी एक घ्यायला परत आत गेली.

आणि साडेअकराला भोंगा वाजला! टीं-टीं-टीं! लाल दिवा! पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ ताटासमोर उभे. पडदा म्हणत होता, पन्नास ग्रॅम हळद. ताट म्हणत होतं, अडीचशे ग्रॅम. पिशवीतून निघालं काजूचं पाकीट, वर हळदीची चिठ्ठी. आरशात त्यांचं तोंड हळदीपेक्षा पिवळं पडलं. गर्दीनं टाळ्या पिटल्या. रांगेतली एक बाई आरशाकडं बघून हळूच मागं वळली, आणि कंबरेला खोचलेली केसांच्या तेलाची बाटली तिनं जिथली तिथं ठेवून दिली. तेल तिनं घेतलं नाही, भोंगा वाजला नाही, कुणाची अब्रू गेली नाही. साबिराला हेच जास्त आवडलं. सेठनं तर गुलाबजाम मागवले. साबिराला आभाळ ठेंगणं झालं होतं. धरला चोर! सुकरीबाई सुटली!

तेवढ्यात पुन्हा भोंगा वाजला.

या वेळी ताटासमोर रिना सिस्टर उभी होती. सरकारी दवाखान्यातली नर्स. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या सोळा ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला तिच्या घरी गावोगावचे पाहुणे उतरायचे, म्हणून ती चार पुडे तांदूळ, तूरडाळ आणि चहा असं सामान घेऊन आली होती. लाल दिवा. टीं-टीं-टीं. चौकीदार पुढं धावला आणि तिला काही विचारायच्या आधीच त्यानं तिची पिशवी जमिनीवर रिकामी केली. चार पुडे, डाळ, चहा. बाकी काहीच निघालं नाही.

"पर्स दाखवा," सेठ म्हणाला.

मघाशी टाळ्या पिटणारी गर्दी आता तिच्याकडं रोखून बघत होती. तसलं बघणं रिनाला नवं नसावं. ती ताठ उभी राहिली.

"पर्स दाखवते," ती म्हणाली. "पर्स तुमच्या काट्यावर नव्हती, तरी दाखवते. पण आधी हे सारं पुन्हा तोला. एक-एक. माह्या डोळ्यासमोर."

काटा खोटा म्हणावा, तर सफारीवाला सुटला, सुकरी अडकली आणि स्वतःचं नाव बुडालं. काटा खरा म्हणावा, तर ही बाई चोर ठरते, आणि ती चोर नाही हे तिच्या उभं राहण्यातच दिसत होतं. साबिरानं मन घट्ट केलं, खाली बसली आणि सामान उचललं. चहा, बरोबर. डाळ, बरोबर. तांदळाचा पहिला पुडा ठेवला आणि ती आकड्याकडं बघतच राहिली.

पाच किलो अठ्ठावन्न ग्रॅम.

दुसरा, पाच किलो त्रेसष्ट. तिसरा साठ. चौथा एकसष्ट. ती धावत रॅककडं गेली, पुड्यांची चळतच उचलून आणली. सोळा पुडे तोलले. कोणताही घ्या, पाच किलोवर साठ ग्रॅम, फार तर चार-पाचांचा फरक. लोक पुढं सरकले. काय चाललंय ते कुणाला कळेना, पण काहीतरी भलतंच चाललंय एवढं सगळ्यांना कळलं.

"सुकरीबाईले बोलवा," साबिरा म्हणाली.

सुकरी दुकानाच्या पुढच्या भागात कधी आलीच नव्हती. हात पदराला पुसत, दिवे आणि आरसा बघत ती येऊन उभी राहिली. साबिरानं तिच्यासमोर एक रिकामी थैली, तांदळाची बादली आणि गोदामातला काटा ठेवला.

"भरा बाई. रोज भरता तशा."

सुकरीनं थैली काट्यावर ठेवली, तांदूळ ओतला, दोन-चार दाणे काढले, दोन टाकले. आकडा बरोब्बर पाच किलोवर थांबला. मग तिनं थैली काट्यावरून उतरवली, बादलीत हात घातला, एक मूठ तांदूळ वरून टाकला आणि तोंड बांधलं. हे सगळं इतकं सहज, की तिला स्वतःला त्यात काही केलं असं वाटलंसुद्धा नाही.

"हे मूठ कायची?" सेठ किंचाळला.

सुकरीला प्रश्नच कळेना. "वरची जी."

"पण पाच किलो तं झाले होते!"

"झालेच होते नं. तोलून झालं मंगच तं वरची मूठ." ती गोंधळून सगळ्यांकडं बघत होती. "तोललं तेवढंच कोणाच्या पदरात टाकाचं का जी? आमच्या गावात तसं देल्लं तं भांडण काढलं म्हणतेत. तुमी विचारलं, नेला का? मी मनलं नाई. देल्ला का, असं तं कोनीच नाई विचारलं."

साबिराला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळं तिला ओढणीत तोंड लपवावं लागलं. हजार पुड्यांमागं बारा पुडे! बारा पुडे चोरीला गेलेच नव्हते. मुठी-मुठीनं ते चंद्रपूरच्या हजार घरांत शिजले होते. आणि ही बाई रोज संध्याकाळी पदर झटकत होती!

मग साबिरा उभी राहिली. आपला परवाना ती एरवी लोकांपुढं जसा मिरवायची तशीच आता चूक बोलली, मोठ्यानं.

"रिना सिस्टर, काटा खोटा नाई. तुमी बी खोट्या नाई. खोटी मी. अकराशे चाळीस चिजा तोलल्या, फकस्त तांदूळ नाई तोलला. माह्या शिक्क्याचा काटा आहे म्हणून मनानंच पाच किलो लिवून टाकलं. माह्या गुर्मीनं तुमची पिशवी जमिनीवर आली. माफी द्या."

तिनं खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरली. राग रिनाच्या चेहऱ्यावर होता आणि तो असायलाच हवा होता. मग ती सेठकडं वळली.

"पर्स पाहाची आहे का अजून?"

सेठनं मान हलवली. नाही.

"मंग आता या बाईचं काय ते सांगा. साऱ्यांसमोर. चोर म्हणत होते नं तिले?"

कोत्तावारसेठ व्यापारी होता. बारा पुडे त्याच्या डोळ्यांपुढं नाचत होते, आणि एकदम माफी मागून मोकळा व्हावा असा त्याचा स्वभाव नव्हता. तो तोंड उघडणार, तोच गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे पाचावर मूठ भेटते का इथी? दुसऱ्या दुकानात तं पाचात बी कमी भेटते!" झालं! माणसं तांदळाच्या रॅकवर तुटून पडली. मेणबत्तीवाल्या आजीनं दोन्ही काखांत एकेक पुडा मारला. बघता-बघता रॅक रिकामं झालं आणि "अजून आहे का?" म्हणून लोक सेठलाच विचारू लागले. सेठ त्या रिकाम्या फळ्यांकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगायला नकोच. पण नंतर तो जे बोलला, ते हिशेबातून निघालं असो की शरमेतून, बोलला मात्र खणखणीत.

"सुकरीबाई चोर नाई! माह्या दुकानातून एक दाना तिनं नाई नेला! ऐकलं का सारे?" मग तो ताबिशकडं वळला. "तांदळाचं वजन किती लिवलं त्या डबड्यात?"

"पाच किलो."

"खोडा. पाच किलो साठ लिवा."

ताबिशनं लिहिलं. साबिराला राहवेना. नवीन आकडा लिहिला की काटा तपासलाच पाहिजे, ही अब्बांची शिकवण. तिनं एका थैलीत काटेकोर पाच किलो तांदूळ तोलला, ना दाणा जास्त ना कमी, आणि ती थैली रिनाच्या हातात दिली. "सिस्टर, तुमीच ठेवा."

रिनानं टीक केलं आणि थैली ताटावर ठेवली. टीं-टीं-टीं! लाल दिवा लागला. आता माल जास्त म्हणून नाही, तर कमी म्हणून काटा ओरडत होता. सुकरी घाबरून दोन पावलं मागं सरली. साबिरानं तिचा हात धरून तिला ताटापाशी आणलं आणि तांदळाची बादली पुढं केली.

सुकरीनं थैलीचं तोंड उघडलं, वरून एक मूठ टाकली, आणि हिरवा दिवा लागला.